पेट्रोलचा स्क्रू

मशीन उत्तम चाललं होतं, आणि कावेरीची पंचाईत नेमकी तीच होती.

पडवीत उभं केलेलं ते लाल, चार चाकांचं गवत कापायचं मशीन तिनं दोरी ओढून चालू केलं, कान देऊन ऐकलं आणि बंद केलं. पुन्हा चालू केलं. धूर नाही, खोकला नाही. मे महिन्यात मेहबूबभाईंनी कार्बोरेटर लावून दिला होता, तो श्रावण लागला तरी तसूभर हलला नव्हता. ज्या हवेत डब्यातलं मीठ कोरडं राहत नाही आणि चपलांना बुरशी येते, त्या हवेत एका एवढ्याशा स्क्रूनं असं इमानानं राहावं याचा तिला राग आला.

तिनं गाऊनच्या खिशातून नेलकटर काढला आणि त्यातली नखं घासायची पट्टी बाहेर ओढली. पट्टीचं टोक स्क्रूच्या खाचेत बरोबर बसतं हे तिला ठाऊक होतं. हे काम ती काही पहिल्यांदा करत नव्हती.

वाडी देवगडच्या खाडीच्या अलीकडच्या अंगाला. घरं पुष्कळ, बारमाही राहणारी माणसं दोनच. एक कावेरी. दुसरी वरच्या टोकाच्या घरातली म्हातारी काशीबाई. ती दिवसभर ओट्यावर बसून वाटेनं जाणाऱ्या-येणाऱ्याला ‘खंय चललंस?’, म्हणजे कुठं चाललास, असं विचारायची. जाणारं-येणारं फारसं कोणी उरलं नव्हतं, पण म्हणून काशीबाईनं ड्युटी सोडली नव्हती. बाकीची घरं मुंबई-पुण्याला, गोव्याला गेलेल्यांची. ती गणपतीत उघडायची, आंब्याच्या दिवसांत उघडायची, एरवी कुलपात. त्या साऱ्या कुलपांच्या किल्ल्या कावेरीच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना टांगलेल्या असत.

कावेरी पन्नाशी ओलांडलेली. लग्न झालं नाही, म्हणजे होता होता राहिलं. मग आईवडलांची दुखणी निघाली, आणि ती निस्तरून मान वर केली तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. अंगणवाडीची बाई म्हणून तिनं वाडीतल्या सगळ्या पोरांचे शेंबूड पुसले. पोरं मोठी झाली, गेली. शेवटचं पोर पहिलीत गेल्यावर अंगणवाडी शेजारच्या गावातल्या अंगणवाडीत विलीन झाली. विलीन हा कागदावरचा शब्द. प्रत्यक्षात कावेरी घरी आली, एवढंच झालं. लोक म्हणायचे, कावेरी म्हणजे कायम हसतमुख. ते खरंच होतं. निदान फोनवर तरी.

मशीन पाठवलं होतं तिच्या चुलतभावाच्या मुलानं, मिहीरनं. पावसात प्रत्येक घराच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, कमरेएवढं गवत माजतं आणि गणपतीच्या आधी ते काढावंच लागतं. कोयत्यानं काढणारे गडी आता मिळत नाहीत. तेव्हा वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं की मशीन घ्यावं, आणि पुण्यात कंपनीत असलेल्या मिहीरनं ते फोटो बघून मागवलं. फोटोत एक गोरा माणूस गालिच्यासारख्या हिरवळीवरून मशीन ढकलत चालला होता. वाडीत गालिचा नव्हता. जांभ्याची वर आलेली टोकं होती, पोफळीची मुळं होती, माडाची पडलेली झापं होती. कावेरीनं पुढची चाकं उचलून, मागच्या दोन चाकांवर मशीन रेटायची स्वतःची रीत बसवली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई हट्टी म्हशीला गोठ्यात ढकलतेय.

पहिल्याच पावसाळ्यात ते बिघडलं, आणि तेव्हा मेहबूबभाई आले.

मेहबूबभाई देवगड बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. साठीचे, उंच, किंचित वाकलेले. बायको नसीमा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा अरशद हाताखाली होता, घरात सून होती, नातवंडं होती. पुलावरून स्कूटर घेऊन ते आले, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बाई, ह्येका चाकां कित्याक?”

“फोटोत होती म्हणान,” कावेरी म्हणाली.

ते हसले नाहीत. फक्त दाढी जराशी हलली.

मग त्यांनी मशीन चालू केलं, एक तळवा त्याच्या अंगावर ठेवला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं कार्बोरेटरचा पितळेचा स्क्रू केसाकेसानं फिरवत राहिले. मशीन धापा टाकत होतं, मग नुसतं कुरकुरलं, मग एका लयीत लागलं. आजारी पोराच्या छातीवर हात ठेवून आई बसते तसे ते बसले होते. कावेरी बघत राहिली.

“ह्यो पेट्रोलचो स्क्रू,” ते डोळे न उघडता म्हणाले. “बाहेर फिरवलास तर पेट्रोल जास्त, आत फिरवलास तर कमी. जास्त झाला काय धूर काढता, रडता. आणि कमी झाला तर...”

“घावणे गरम आसत,” कावेरी म्हणाली आणि तिनं ताटली पुढं केली. “आदी खावन घ्या.”

तांदळाचे जाळीदार घावणे, बरोबर नारळाचा गोड रस. ते पाहून मेहबूबभाईंनी मशीन बंद केलं आणि हात धुतले. उरलेलं अर्धं वाक्य तसंच राहिलं.

खाता खाता त्यांनी अंगणवाडीचं विचारलं. कावेरीनं सांगितलं, बंद झाली. ते म्हणाले, “मगे?”

मगे म्हणजे ‘मग?’. एवढासा शब्द. पण कावेरीला हे कोणी विचारत नसे. ग्रुपवरचे विचारत, ‘झालं का?’ काशीबाई विचारी, ‘खंय?’ बँकेतला माणूस विचारी, ‘अजून काही?’ ‘मग?’ असं विचारायला माणसाला बसावं लागतं. ती बोलत सुटली. डब्यात बेडूक घेऊन येणारा मुलगा, बाईंच्या पदराला धरून झोपणारी मुलगी, पडवीत उलट्या घालून ठेवलेल्या लहानग्या खुर्च्या. मेहबूबभाई मधूनमधून ‘मगे?’ म्हणत होते, आणि घावणे संपले तरी उठले नव्हते.

त्यानंतर मशीन नीट चालायला लागलं आणि ते यायचे थांबले.

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकट्या बाईच्या खळ्यात बाहेरचा पुरुष कामाशिवाय येत नाही. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. तो काशीबाईच्या ओट्यावर राहत होता. एकदा देवगडच्या बाजारात समोरासमोर गाठ पडली. मेहबूबभाई म्हणाले, “मशीन बरा आसा मां?” कावेरी म्हणाली, “बरा आसा.” झालं. दोघं आणखी थोडा वेळ उभे राहिले, आणि मशीन बरं असताना माणसाला आणखी काय विचारतात ते दोघांनाही न सुचल्यामुळे आपापल्या वाटेनं गेले.

घरी येऊन कावेरीनं नेलकटर घेतला आणि स्क्रू पाव फेरा बाहेर फिरवला. मशीननं धूर काढला, खोकलं, रडलं. तिनं फोन केला. दुसऱ्या दिवशी स्कूटर आली.

तेव्हापासून हे असं चाललं होतं. फार नाही. पावसाळ्यात थोडं जास्त, उन्हाळ्यात कमी. बाहेर पाव फेरा, धूर, फोन, स्कूटर, घावणे, ‘मगे?’ काशीबाई एकदा म्हणालीच, “तुझा मशीन आजारी तरी कितीदा पडता गो? माझ्या गुडघ्यांपेक्षा वायट.”

“दमट हवा,” कावेरी म्हणाली.

“हवा,” काशीबाई म्हणाली आणि सुपारी कातरत राहिली.

तर आज पुन्हा तीच वेळ होती. मे महिन्यानंतर स्कूटर आली नव्हती. झड लागली होती म्हणून मशीन पडवीच्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून ठेवलेलं. स्क्रू पलीकडच्या बाजूला. एरवी ती समोर बसून, बघून फिरवायची. आज मागून हात घालून, चाचपत पट्टीचं टोक खाचेत बसवलं आणि नेहमीच्या हिशेबानं मनगट वळवलं. मागून हात घातला की आतबाहेर उलटं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. त्यातच वाटेवरून काशीबाईचा आवाज आला, “आसंस काय गो घरात?” आणि दचकून हात आणखी थोडा फिरला.

काशीबाईला चिमूटभर चहापूड हवी होती. ती देऊन, तिच्या गुडघ्यांची चौकशी करून कावेरी परत आली, मशीन ओढून खळ्यात आणलं आणि दोरी ओढली.

मशीन गायला लागलं.

दुसरा शब्द नव्हता. धूर नाही, अडखळणं नाही. बारीक, चढा, स्वच्छ सूर. इतकं सुंदर ते मेहबूबभाईंच्या हाताखालीसुद्धा कधी चाललं नव्हतं. कावेरी त्याच्याकडे बघत राहिली. बिघडवायला जावं तर सुधारतं, अशी आपली कमाई.

तेवढ्यात फोन वाजला. मिहीर. “आत्या, या वेळी मी आणि अवनी दोन दिवस आधी येतोय. तिच्या ऑफिसचे काही लोक पण येणार आहेत बघायला. खळं झालं का? फोटो टाक ना ग्रुपवर.”

“झालंच समज,” कावेरी हसतमुखानं म्हणाली.

आता फोन करून मेहबूबभाईंना सांगायचं तरी काय? मशीन गातंय म्हणून? उद्या बघू, पुन्हा फिरवू, असं म्हणून तिनं पुढची चाकं उचलली आणि मिहीरच्या खळ्यात शिरली. पावसानं तेवढी उघडीप दिली होती. मशीन लोण्यासारखं चालत होतं. एक खळं झालं, दुसरं झालं. पात्याखाली गवत सरसर पडत होतं, हिरवा वास सुटला होता आणि कुलूपबंद घरांच्या भिंतींवर तो चढा सूर आपटून परत येत होता. कावेरीला उगाचच बरं वाटायला लागलं. मेहबूबभाई नाही तर नाही, गवत तरी कापून होतंय. तिसऱ्या खळ्यात सूर आणखी चढला, किनरा झाला, आणि मधेच ‘टक्’ असा आवाज होऊन मशीन जागच्या जागी थांबलं.

तिनं दोरी ओढली. दोरी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पाय लावून ओढली. भिंतीतला खिळा ओढावा तसं.

ओल्या गवतात गरम लोखंडाचा वास येत होता. कावेरी त्याच्याशेजारी उकिडवी बसली, आणि बऱ्याच वेळानं तिनं फोन लावला.

“मेहबूबभाई, मशीन बंद पडला.”

“धूर येता?”

“नाय.”

“रडता?”

“नाय. गायत होता.”

पलीकडे बंदरावरचा गलका लांब गेला. “गायत होता?”

“होय. बरा गायत होता. मगे गप झाला.”

“हात लावू नकात,” मेहबूबभाई म्हणाले. “इलंय.”

ते त्याच दुपारी आले. या वेळी मशीनभोवती फेरी मारली नाही. खाली बसून प्लग काढला आणि तळहातावर घेतला. कावेरीला आठवत होतं, प्लग एरवी चहाच्या रंगाचा निघायचा. आज तो चुन्यासारखा पांढरा होता. मग त्यांनी सायलेन्सर सोडवला, आतमध्ये टॉर्च मारली आणि म्हणाले, “बघा.”

आत पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजरानं पंजा मारल्यासारखे.

“चिकटलो. आता सुटाचो नाय.” मग त्यांनी टॉर्च कार्बोरेटरवर आणली, जरा वेळ तिथंच धरली. “ह्यो स्क्रू आत कोणी फिरवल्यान?”

आता बघा, वाडीत पोरं असती तर पोरांवर ढकलता आलं असतं. वाडीत पोरं नव्हती. कावेरीनं इकडंतिकडं बघितलं.

“उंदीर येतत पडयेत,” ती म्हणाली.

मेहबूबभाईंनी मान डोलावली. उंदरांचा त्रास त्यांनाही माहीत असावा अशी. मग म्हणाले, “उंदराकडे नेलकटर आसा?”

कावेरीचं तोंड कानापर्यंत गरम झालं. गाऊनच्या खिशातला नेलकटर एकाएकी खलबत्त्याएवढा जड वाटायला लागला.

“पितळ मऊ असता, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. स्क्रूच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना बारीक चरे होते, एकावर एक, जुने आणि नवे. “पयल्या खेपेकच दिसला माका.”

“मगे बोललास कशाक नाय?”

“काय बोलतलंय? बाहेर फिरवल्यान मशीन मरणा नाय. धूर काढता, इतक्याच.” ते पान्याला लागलेलं तेल फडक्यानं पुसत राहिले. “धुराचो माका काय त्रास नाय.”

कावेरी पायाशी पडलेलं गवत गोळा करायला लागली. उत्तर दिलं असतं तर बोलणं कुठल्या कुठं गेलं असतं, आणि ती जागा दोघांच्याही ओळखीची नव्हती.

“पण आत फिरवला काय वेगळा,” मेहबूबभाई पुढं म्हणाले. “पेट्रोलाबरोबर तेल जाता, ता पण कमी पडता. उपाशी मशीन बरा चलता. आवाज गोड येता, ऐकणाऱ्याक वाटता काय झकास चललाहा. आणि आतसून करपत असता.”

“ह्या तेवाच सांगूक व्हया होता.”

“सांगत होतंय. तुम्ही घावणे हाडलास.”

यावर कावेरी हसली, आणि हसता हसता तिला रडायला येतंय असं वाटलं म्हणून ती चहा ठेवायला आत गेली. बाहेर येऊन विचारलं, “होयत ना दुरुस्त?”

“पिस्टन गेलो, सिलिंडर गेलो. ह्या मशिनाचो पार्ट हय मिळाचो नाय.” त्यांनी सायलेन्सर परत बसवला. काही उपयोग नसताना चारही बोल्ट नीट आवळले. “नवीन घेवक सांगा मुंबयवाल्यांका.”

चहा त्यांनी उभ्यानंच घेतला. काम संपलं होतं. बसायला कारण नव्हतं. हत्यारांची पिशवी स्कूटरच्या हुकाला लावून ते निघून गेले, आणि वरच्या वळणावर काशीबाईच्या ‘खंय चललंस?’ला त्यांनी दिलेलं उत्तर कावेरीला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी काठी टेकत काशीबाई स्वतः खाली आली. खळ्यात निपचित पडलेल्या मशीनकडे बघून म्हणाली, “मेला?”

“मेला.”

“अरेरे.” ती पायरीवर टेकली. थोड्या वेळानं, काही वाईट हेतू न ठेवता, जसं एखादी किंमत विचारावी तसं तिनं विचारलं, “मगे आता तो कशाक येतलो?”

ग्रुपवर कळवल्याबरोबर मिहीरनं दुसरं मशीन पाठवलं. फोनवर त्याचा आवाज उजळला होता. “आत्या, हे बॅटरीचं आहे. यात कार्बोरेटरच नाही. पेट्रोल नाही, तेल नाही, ट्युनिंग नाही. काही म्हणजे काही बघावं लागत नाही.”

“वा,” कावेरी म्हणाली.

नवं मशीन हिरवं होतं आणि शेजारच्या घरात कोणी मिक्सर लावलाय एवढाच आवाज करायचं. कावेरीनं त्यावर सगळी खळी साफ केली, फोटो टाकले. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. मग किल्ल्या खिळ्यांवरून उतरल्या, दारं उघडली, गणपती आले, आरत्या झाल्या, अवनीच्या ऑफिसच्या लोकांनी कावेरीच्या घावण्यांचे फोटो काढले आणि ‘किती शांत आहे ना इथं’ असं पुन्हा पुन्हा म्हणाले. मग गौरी गेल्या, गणपती गेले, गाड्यांच्या डिक्क्या नारळांनी भरल्या, आणि एकेक जण पायरीवर येऊन किल्ली देऊन गेला. शेवटची किल्ली खिळ्याला अडकवून कावेरी स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की इतके दिवस एवढी माणसं होती पण तिचं एकही वाक्य दुसऱ्या वाक्यापर्यंत गेलं नव्हतं.

तिनं घरातल्या वस्तूंवरून नजर फिरवली. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप. सगळं विजेचं. मेहबूबभाई विजेच्या वाटेला जात नसत.

कितीदा फोन हातात घेतला. ‘हॅलो’ म्हटल्यावर ते विचारणार, काय झाला? आणि काही झालेलं नव्हतं. काहीच न झाल्याची तक्रार कशी करतात ते तिला ठाऊक नव्हतं. त्यांचाही फोन येत नव्हता, आणि का येत नाही तेही तिला कळत होतं. त्यांच्याकडे तर नेलकटरसुद्धा नव्हता.

ऊन पडायला लागल्यावर एक दिवस तिनं चांगली साडी नेसली आणि सकाळच्या एस.टी.ला निघाली.

“खंय चललंस?” ओट्यावरून प्रश्न आला.

“देवगडाक.”

“काय काम?”

कावेरी थांबली. बँक म्हणता आलं असतं, औषध म्हणता आलं असतं. “काम काय नाय,” ती म्हणाली.

“काय नाय म्हंजे काय गो?” काशीबाईचा अडकित्ता थांबला. पण तोवर कावेरी वळणापर्यंत पोचली होती.

एस.टी.त ती कारणं जुळवत राहिली. मेणबत्त्या घ्यायच्या होत्या, सुकट घ्यायची होती. बाजारात उतरल्यावर तिनं मुद्दामच काही घेतलं नाही. हातात पिशवी असली की माणूस पिशवीमागं लपतो, हे तिला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. रिकाम्या हातांनी, साडी सावरत, मासळीच्या पाण्यातून वाट काढत ती बंदरावर गेली.

मेहबूबभाईंचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मधोमध पाण्यानं भरलेला मोठा ड्रम आणि त्याच्या काठाला होडीचं इंजिन अडकवलेलं. पंखा पाण्यात फिरत होता, पाणी उसळून बाहेर सांडत होतं. बाकड्यावर तीन-चार होडीवाले आपल्या नंबराची वाट बघत बसले होते. तिला बघून त्यांनी माना वळवल्या.

अरशद पुढं आला. “येवा बाई. काय हाडलास?”

“काय हाडूक नाय.”

“मगे होम सर्व्हिस व्हयी? बाबाक आज जमाचा नाय, गर्दी आसा.”

मेहबूबभाईंनी वर बघितलं. हात तेलानं काळे होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या रिकाम्या हातांकडे.

“काय बिघडूक नाय,” कावेरी म्हणाली. मग तिनं वाक्य पुरं केलं. “बसाक इलंय.”

बाकड्यावर कोणीतरी खाकरलं. अरशदनं बापाकडे बघितलं. कावेरीला वाटलं, आता वळावं आणि थेट स्टँड गाठावा; काशीबाईला दुपारपर्यंत सगळं कळेलच, पण निदान तो विषय तरी मिटेल. पण तेवढ्यात मेहबूबभाईंनी मासळीचा एक रिकामा क्रेट उलटा करून ड्रमच्या अलीकडं ठेवला आणि हातातल्या फडक्यानं पुसला. फडका क्रेटपेक्षा मळका होता. कावेरी बसली.

ते पुन्हा इंजिनाकडं वळले. गिऱ्हाइकं येत होती, कोणी पान्याचा नंबर विचारत होतं, कोणी खवळलेल्या समुद्राबद्दल सांगत होतं, आणि प्रत्येकाला मेहबूबभाई दोन-दोन शब्दांत उत्तर देत होते. हे तिच्या पायरीवर घावणे खाणारे मेहबूबभाई नव्हते. इथं त्यांना वेळ नव्हता. समजूत घालायला कोणी नसलं की माणूस स्वतःच घालतो, तशी तिनं घातली: बंदर बघून झालं, चांगलं झालं, पुढच्या गाडीनं जाऊ. डोळ्यांत पेट्रोलच्या वासानंही पाणी येतं, हे तिला तेव्हा सोयीचं वाटलं.

अरशदचा फोन वाजला आणि तो इंजिनाची, पेट्रोल कमी-जास्त करायची मूठ सोडून बाहेर गेला. इंजिन घुटमळलं.

“बाई,” मेहबूबभाई म्हणाले, “ह्या धरा. इतक्याच. हलवू नकात.”

कावेरी उठली, पदर कमरेला खोचला आणि मूठ धरली. ती हातात थरथरत होती. मेहबूबभाईंनी इंजिनावर तळवा टेकवला, डोळे मिटले आणि कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला लागले. इंजिनाचा सूर बारीक होत गेला, गोड होत गेला.

“उपाशी आसा,” कावेरी पटकन बोलून गेली.

त्यांचा हात थांबला. मग तो स्क्रू जरासा बाहेर आला. सूर खाली उतरला, जाड झाला आणि तिथं स्थिर राहिला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“एस.टी.न येवचा म्हंजे लांब पडता,” ते म्हणाले. “समर्थाची होडी सकाळची तुमच्या बाजूक येता, जाळी उचलूक. परत हयच येता. तेका सांगून ठेवतंय. पुढल्या खेपेक तेच्याबरोबर येवा.”

कावेरीनं मूठ हलू दिली नाही. बाकड्यावरचे होडीवाले समोरच्या पाण्याकडे बघत होते, पण त्यांचे कान कुठं होते ते दिसत होतं.

“आणि समर्थान विचारल्यान, बाई काय काम काढलास, तर?”

मेहबूबभाईंनी स्क्रू एकदा चाचपला. तो बरोबर होता. आणखी फिरवण्यासारखं काही नव्हतं.

“सांगा,” ते म्हणाले, “मेहबूबान बोलावल्यान.”

ड्रममध्ये इंजिन चालू होतं, त्यामुळं हे त्यांना मोठ्यानंच बोलावं लागलं, आणि बाकड्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत ते स्वच्छ ऐकू गेलं.